डाव्या पायाचं काम

तापीमायची आण, कानुबाईची आण, आणि तोंडात उरलेल्या माझ्या सात दातांची आण! यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याच्या डोळ्यात मिरची जावो, तीही नंदुरबारची. जसोदाबाई थापा मारते असं अख्खं कोरीट म्हणतं. म्हणू द्या, कोरीटला दुसरं काम काय आहे? पण हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि मोतीबिंदू काढल्यानंतरच्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही फक्त मधूनमधून 'हं' म्हणत चला. आमच्याकडे गोष्ट सांगायला एक माणूस लागतो आणि हुंकारा द्यायला एक. हुंकारा नसला की गोष्ट अशी होते जशी म्हशीपुढे टाकलेली वैरण आणि म्हैस गेलेली विकून. तीस वर्षं माझा हुंकारा खात्याने दिला. खात्या म्हणजे आमच्या जीपचा डायवर. ही गोष्ट त्याचीच आहे. गाडीची आहे असं घरात सगळे म्हणतात, ते म्हणोत.

धक्का तसा एवढासाच होता. पोळा होऊन चार दिवस झालेले. कोरीटच्या शेतावरून आम्ही नंदुरबारच्या घरी येत होतो. पुढे माझी नातसून रुचिका, सातवा महिना, तिला शेतातली हिरवी वांगी खायचे डोहाळे. मागे मी आणि वांग्यांचं पोतं. दोघं सारखेच हिंदकळत होतो. नातू भाग्येश सुरतला गेलेला. तो सोलर पंप बसवतो, चार दिवस सुरतच्या गर्दीत असतो आणि तीन दिवस धडगाव-मोलगीच्या डोंगरात. जीप म्हणजे आमच्या ह्यांनी घेतलेली जुनी डिझेल जीप. सुरू झाली की गल्लीतल्या बाया वाळत घातलेले कपडे काढून घ्यायच्या, असा धूर. रुचिकाने नाकाला ओढणी लावलेली. मी माझ्या लग्नातली गोष्ट सांगत होते, वरातीतल्या उंटाने सासऱ्यांचा फेटा खाल्ला आणि आठ दिवस केशरी लेंड्या टाकल्या ती. आणि रुचिका, नाशिकची पोर, बोलायला गोड, म्हणाली, "खात्याकाका, तुम्ही समोर बघा हो. आजींना हं हं करत बसू नका. रस्ता बघा किती खराब आहे." खात्या गप्प झाला. उंटाने फेटा खाल्ला, हुंकारा नाही. लेंड्या पडल्या, हुंकारा नाही. तुम्हाला नाही कळायचं ते. विहिरीत पोहरा सोडावा आणि त्याचा आवाजच येऊ नये, तसं. मला माझाच आवाज ऐकू यायला लागला, चिरका, म्हातारीचा. वाटलं, आपण आत्ता मेलो असू आणि या दोघांना अजून समजलं नसेल. पुढे फरशी लागली, नाल्यावरची, तिच्यानंतर तो उभा चढ, दोन्ही अंगाला डोक्यापेक्षा उंच ऊस. पहिल्या गेरात जीप कण्हत चढत होती. आणि उजवीकडच्या उसातून बिबट्या निघाला. मी ओरडले, "बिबट्या! खात्या, बिबट्या!" खात्याचा डावा पाय क्लचवरून सटकला. गाडी बंद पडली, मागे गेली, फरशीच्या कठड्याला टेकली. बस. रुचिकाचं कपाळ समोर आपटलं. लाल टिकलीच्या वर आणखी एक टिकली आली, ओली.

डॉक्टरणीने सांगितलं, आई-बाळ दोघं चांगले आहेत. पण भाग्येश तोपर्यंत सुरतहून निघालेला होता, आणि सुरतहून नंदुरबारला येताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. तो आला, रुचिकाचं कपाळ बघितलं, आणि आम्हा दोघांना व्हरांड्यात घेतलं. खात्या पायरीवर बसलेला, मी झोक्यावर. भाग्येशला लहानपणी शाळेत खात्याच न्यायचा; ताप आला की खांद्यावर टाकून आणायचा. 'खात्यामामा' म्हणतो तो त्याला. त्या दिवशी त्याने विचारलं, "खात्या, काय व्हयनं?" मामा कुठे गळाला ते त्याच्याही लक्षात आलं नसेल. खात्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बिबट्या व्हता, भाऊ." "तू देखा?" "मायनी देखा. मी बी देखा." मग भाग्येश माझ्याकडे वळला आणि मी सगळं सांगितलं. गोष्ट सांगायला लागले की मला थांबता येत नाही, हा माझा रोग आहे. बिबट्याचं तोंड डाव्या उसात शिरलं तरी शेपूट उजव्या उसात होतं असं सांगितलं, आणि खात्या म्हणाला, "हं." बिबट्याच्या गळ्यात कुणाच्या तरी बकरीची घंटी होती असं सांगितलं. "हं." ती घंटी वाजत होती असं सांगितलं. "हं." आतून रुचिका आली, कपाळाला पट्टी. म्हणाली, "मी पुढेच बसले होते, भाग्येश. मला काहीसुद्धा दिसलं नाही." भाग्येश खात्याकडे बघत राहिला, मग खालच्या आवाजात, आपल्या बोलीत नाही, मराठीत म्हणाला, "हे कोणामुळे झालं ते मला कळलं पाहिजे. ज्याच्यामुळे झालं त्याला मी माझ्या लेकराच्या गाडीत पाय ठेवू देणार नाही. कोणी असो." कोणी असो म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पण झोका थांबला. मी थांबवला नव्हता.

लेकराच्या गाडीत. ते लेकरू अजून जन्माला यायचं होतं, गाडी शोरूमला यायची होती, आणि मी मनाने दोन्हीत आधीच जाऊन बसलेले होते. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसाला काय हवं असतं? एक पणतू मांडीवर, आणि खिडकीकडची सीट. मला काच खाली करायची होती, कोरीटच्या पारावर बसलेल्या भिकुबाईला हात हलवायचा होता, आणि मांडीवरच्या पोराला सांगायचं होतं की ही बघ भिकुबाई, हिला एकदा मगरीने गिळलं आणि चव आवडली नाही म्हणून परत टाकलं. नवा हुंकारा घडवायचा होता मला. जुना म्हातारा झाला होता.

जुना कसा आला ते सांगते. खात्या मणिबेलीकडचा, नर्मदाकाठचा. गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा असेल. आमचे हे त्या बाजूला बैल बघायला गेलेले; बैल मिळाले नाहीत, हा मिळाला. डोंगरातल्या ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होता, हात चांगला होता. पहिल्या दिवशी जेवायला वाढलं तेव्हा मी विचारलं, "तुन्हं गाव कोठे शे?" म्हणाला, "पानीमा शे, माय." मला वाटलं गंमत करतोय. मी हसले, आणि त्याला सांगितलं की माझं माहेरही पाण्यात आहे, तिथे लग्नात वऱ्हाडी पोहत येतात आणि नवरीला मासा मामा म्हणून उचलतो. त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाला, "हं." पहिला हुंकारा. त्याचं गाव मला खरं वाटलं की खोटं, हे तो ठरवत होता, असं मला आत्ता वाटतं. तेव्हा नुसती मजा वाटली. पुढे कित्येक वर्षं मी पाहुण्यांना सांगायची, "आमच्या डायवरचं गाव पाण्यात आहे, म्हणून हा चिखलात गाडी चालवतो, घरचा धंदा आहे त्याचा." पाहुणे हसायचे. तो हुंकारा द्यायचा. चिंचपाड्याच्या डॉक्टरने त्याचा डावा गुडघा तपासून सांगितलं होतं की हा गुडघा क्लचने खाल्ला. जीपचा क्लच लोखंडासारखा कडक होता. त्याचीही मी गोष्ट केली. की क्लचला दात आहेत. "हं," म्हणाला खात्या, गुडघ्याला एरंडाचं पान बांधत.

तर भाग्येश नवी गाडी बघायला लागला. जेवताना बघायचा, झोपाळ्यावर बघायचा, मोबाईलवर कोणीतरी टोपीवाला माणूस इंग्रजीत गाड्यांच्या पोटाखाली शिरायचा. अटी तीन होत्या, मला पाठ झाल्या. एक, ऑटोमॅटिक पाहिजे, म्हणजे रुचिकाला एकटीला सुरतच्या पुलांवर चालवता येईल. दोन, चारही चाकं ओढणारी पाहिजे, धडगावच्या पलीकडे रस्ता नावालाच आहे. तीन, धूर नको, कारण डिझेलच्या वासाने रुचिकाला उलटी होते आणि सोलरवाला माणूस काळा धूर सोडत गावात शिरला की लोक हसतात. सुरतच्या शोरूममधला नमन, आमच्या धान्यवाल्या अमरचंदशेठचा नातू, तीन गाड्या एकामागून एक घेऊन आला. शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरी, असं. पोरगा गोड. माझ्या पाया पडायचा आणि मला गुजरातीत 'बा', म्हणजे आजी, म्हणायचा. भाग्येशने गाड्या कुठे तपासायच्या ठरवल्या? त्याच फरशीवर. त्याच चढावर. आणि कोणाला सोबत घेतलं? खात्याला. "चिखल त्याला कळतो," म्हणाला. बकऱ्याला सुरी बघायला दिली आणि विचारलं, धार चांगली शे ना रे?

आणि खात्याने इमानदारीने बघितली. तेच तर. मला राग त्याचाच येतो. पहिली डिझेलची, ऑटोमॅटिक, थोराड. चढ अशी चढली जसा रेडा गवतात शिरतो. नमन म्हणाला, "बा, ही तर टेकडी उचलून नेईल." खात्याने मागच्या नळीला पांढरा रुमाल लावला, काढला, भाग्येशला दाखवला. काळा डाग पडलेला. रुमाल बोलत होता. दुसरी नुसत्या बॅटरीची. आवाज नाही, वास नाही. रुचिका खूश झाली, "भाग्येश, हीच!" खात्याने नमनला विचारलं, "भाऊ, मोलगी पुढे लाईट जास तीन-तीन दिन. मंग हाई गाडी काय खाई?" नमन हातातला कागद उलटासुलटा करायला लागला. तिसरी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीची, स्वतःच स्वतःला चार्ज करणारी, मागच्या चाकांना वेगळी मोटर. तिच्या बॉनेटवर खात्याने स्टीलचा ग्लास ठेवला, काठोकाठ पाण्याचा. आमचे हे बैलगाडी अशीच घ्यायचे, साटीच्या फळ्यांवर तांब्या ठेवून, त्यांच्याकडूनच शिकला. इंजिन सुरू झालं. पाणी हललं नाही. मग तो चिखलात आडवा झाला, साठीला आलेला माणूस, ढोपर धरून, आणि पोटाखाली वीत लावून मोजलं. "पोट जरा खाले शे," म्हणाला, "धडगाव कडे दगड देखीसन चालवनं पडी. पन बाईले उलटी नही व्हवाव. हाईच ल्या, भाऊ." कपड्यांना सगळा चिखल. रुचिका म्हणाली, "थँक यू, काका," आणि खरंच म्हणाली. तिचं मन वाईट नाही. कोणाचंच नव्हतं, हेच या गोष्टीचं वाईट.

मग भाग्येशला काय वाटलं कोण जाणे, किल्लीच नसलेल्या त्या गाडीच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "बठ. तू चालाड." मी ओळखते त्याला, त्याला जुना खात्यामामा परत पाहिजे होता, त्याने चढ नीट चढावा आणि सगळं मिटावं. खात्याने चप्पल बाहेर काढली, देवळात काढतात तशी. बसला. मी मागे, रुचिका माझ्याशेजारी, नमन पुढे, भाग्येश खाली उभा. नमन समजावत होता, "काका, दोनच पेडल. डाव्या पायाला काम नाही. डावा पाय विसरून जा." विसरून जा! तीस वर्षं ज्या पायाने घर चालवलं तो विसरून जा. गाडी निघाली, अशी निघाली जसं तूप. फरशी गेली. खात्याचा चेहरा आरशात दिसत होता, हसत होता तो, समोरचा एक दात नसलेलं हसू, पोराला पहिल्यांदा सायकल मिळाल्यासारखं. चढ आला. उसाची पाती काचेला लागायला लागली. मधोमध पोचलो आणि त्याचा डावा पाय आपोआप उचलला गेला, गेर बदलायला, आणि जीव खाऊन क्लच दाबला. तिथे क्लच नव्हता, ब्रेक होता. गाडी खिळ्यासारखी थांबली. नमनचा चष्मा काचेवर, रुचिकाचा हात पोटावर, आणि माझ्या तोंडातून, देवा, हसू निघालं. मोठ्याने. मला थांबवताच येईना. तो पाय! हवेतला क्लच शोधणारा तो पाय मला इतका गमतीचा वाटला! मी म्हणाले, "क्लच मरी गया रे खात्या, पन त्यानं भूत शे!" नमन हसला. रुचिकासुद्धा, घाबरून हसतात तशी. आरशातलं हसू तेवढं राहिलं नाही. तो आपल्या पायाकडे बघत होता. गाडी मात्र मागे गेली नाही हं, एक बोटभरसुद्धा नाही. अशी चांगली गाडी.

भाग्येश चढावर चालत आला. दार उघडलं. आणि तिथेच, उसाच्या मधे, सगळ्यांसमोर विचारलं. यावेळी मराठीत नाही. "खात्यामामा, देख. पाय कोनाबी सटकस. मन्हा बी सटकस. त्या दिन पाय सटकना असं सांग. बस. तुले हाई गाडी शिकाडसू, महिना लागो, दोन लागो. पन माले खोटं सांगनारा मानूस गाडीवर नको. बिबट्या व्हता का?" मामा परत आला होता शब्दात. एवढा एक दरवाजा त्याने उघडा ठेवला होता, आणि तो दरवाजा इतका मोठा होता की त्यातून ट्रक गेला असता. खात्या उतरला. अनवाणीच. भाग्येशकडे बघितलं, मग वळला आणि माझ्या खिडकीपाशी आला. काच वर होती. मी बटण दाबलं, काच खाली गेली. छान जाते, आवाज होत नाही. त्याच्या हाताला चिखल सुकलेला. तो मला म्हणाला, "माय, व्हता ना?"

तीस वर्षांत पहिल्यांदा तो सांगत होता आणि हुंकारा माझ्याकडे मागत होता. त्याच्या डोळ्यात विनंती नव्हती, राग नव्हता. तो फक्त विचारत होता, आता गोष्ट कुठे न्यायची? तुम्ही म्हणाल तिकडे वळवतो. रुचिकाच्या अंगाचा उबदारपणा माझ्या दंडाला लागत होता; तिच्या पोटात ते लेकरू त्या धक्क्याने जागं झालेलं, हलत होतं, ओढणी हलताना मी बघितली. सीट मऊ होती. उसातून वारा येत होता. मी म्हणाले, "हं."

खात्या भाग्येशकडे वळला. "व्हता, भाऊ. मी देखा." भाग्येशने मान हलवली, दोनदा. म्हणाला, "शेतावर राखोळीले ऱ्हाय." म्हणजे राखण करायला. खात्या म्हणाला, "मी डायवर शे." बस. एवढंच बोलणं. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. परत येताना भाग्येशने चालवली आणि खात्या आला नाही, चालत येतो म्हणाला. मागच्या काचेतून बघितलं तर तो फरशीच्या कठड्यावर बसून डावा गुडघा चोळत होता, आणि चप्पल अजून फरशीच्या पलीकडे, काढली तिथेच राहिलेली.

गाडी दसऱ्याला आली. पांढरी. तिच्या चाकाखाली नारळ रुचिकाने फोडला आणि पुढच्या खिडकीत मी बसले. कोरीटच्या पारावर भिकुबाईला हात हलवला; तिने ओळखलं नाही, काचेमुळे. जीप भंगारवाला ओढून न्यायला आला त्याच्या आदल्या दिवशी खात्या आला होता. मला भेटला नाही. मी खिडकीतून बघितलं. जीपमध्ये बसला, स्टिअरिंग धरलं, पाय चालवले, डावा, उजवा, डावा, मग गेराच्या दांड्यावरचा काळा गोळा पिळून काढला आणि उतरला. वाटलं घेऊन जाईल. तर तो झोपाळ्यावर ठेवला, माझ्या जागेवर, बरोबर मधोमध, आणि फाटक लावून गेला. आता तो बारडोलीकडे कुठेतरी ऊसतोडीला आहे म्हणतात. त्या वयात, त्या गुडघ्याने. उसात. पोरगी झाली, काजल. गोळा तिलाच दिला खेळायला. दात येतायत, दिवसभर तो चोखते. घामाने खारट झालेला असेल, तीस वर्षांच्या. तिला आवडतो. गाडीत ती माझ्या मांडीवर बसते आणि मी तिला गोष्टी सांगते, उंटाची, मगरीची, पण ती अजून हुंकारा देत नाही. गोळा चोखते आणि खिडकीबाहेर बघते. रुचिका गाडी फार सुंदर चालवते. तिचा डावा पाय नुसता पडून असतो, चटईवर, बाळासारखा झोपलेला. मी त्याच्याकडे बघत बसते.

अक्षर न् अक्षर खरं आहे. उंटसुद्धा खरा होता, कोणालाही विचारा. एवढी एकच गोष्ट मी घातली. बिबट्या नव्हता. ऊस हलला असेल, वाऱ्याने. तोही हलला की नाही, आता आठवत नाही. मला हुंकारा पाहिजे होता. तो गप्प होता ना, म्हणून मी ओरडले. आणि त्याने दिला.